खडूने उजळलेला टोगा

'कॅन्डिडेट' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'कॅन्डिडाटुस'वरून आला. त्याचा अर्थ पांढरीशुभ्र वस्त्रं ल्यालेला. प्राचीन रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस झगझगीत टोगा पांघरून मतं मागत फिरे. पांढरा रंग निष्कलंक चारित्र्याची खूण होता, असंही या माहितीला जोडून हमखास सांगितलं जातं. रोमन लेखकांची साक्ष काढली की ही जोड टिकत नाही.

लॅटिनमध्ये 'आल्बुस' म्हणजे साधा पांढरा आणि 'कॅन्डिडुस' म्हणजे चकाकणारा. नागरिकाचा नेहमीचा टोगा लोकरीच्या मूळ रंगाचा, मळखाऊ पांढरा असे. त्यावर खडू चोळला की फोरमच्या गर्दीतही माणूस लांबून नजरेत भरे. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. ४३२ मध्ये ट्रिब्यूनांनी, म्हणजे सामान्यजनांच्या प्रतिनिधींनी, कायदाच आणला : मतं मागण्यासाठी कपड्याला पांढरा रंग द्यायचा नाही. आज ही बाब क्षुल्लक वाटेल, पण तेव्हा तिच्यावरून उमराव आणि सामान्यजन यांच्यात मोठा तंटा पेटला होता, असंही तो नोंदवतो. शुचितेच्या प्रतीकावर बंदी कोण घालेल? तंटा होता तो दिसण्याच्या हक्काचा.

हा कायदा फार काळ पाळला गेला नसावा, कारण इ.स.पू. ६४ मध्ये सिसेरोने कॉन्सलपदाच्या प्रतिस्पर्ध्यांवर, कॅटिलाइन आणि अँटोनियसवर, जे घणाघाती भाषण केलं त्याचं नावच 'शुभ्र टोग्यात' असं आहे. विषय होता मतं विकत घेण्याचा! त्याच निवडणुकीसाठी त्याचा भाऊ क्विन्टुस याच्या नावावर असलेली एक पुस्तिका उपलब्ध आहे. लोकांना नावानं ओळखा, नकार देण्यापेक्षा आश्वासन द्या, असा तिचा रोखठोक सल्ला. मतांसाठी असं दारोदार फिरणं म्हणजे 'आम्बितिओ'. इंग्रजी 'अँबिशन' तिथून निघाला. याच धातूपासून झालेल्या 'आम्बितुस'चा अर्थ मात्र निवडणुकीतली लाचखोरी. सिसेरो निवडून आला आणि इ.स.पू. ६३ मध्ये त्याने या गुन्ह्याला दहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठरवली.

प्लुटार्कने आणखी एक चाल नोंदवली आहे. जुन्या काळी उमेदवार टोग्याखाली अंगरखा घालत नसत. त्याची दोन कारणं तो देतो : नम्रता, किंवा लढाईतले व्रण दाखवता यावेत ही सोय. मला दुसरं कारण जास्त पटतं.

पाँपेईत तर भिंतीच उजळल्या जात. चुना मारून त्यावर लाल-काळ्या अक्षरांत उमेदवारांची नावं रंगवली जात. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीने गाडलेल्या या गावात अशा अडीच हजारांहून अधिक जाहिराती सापडल्या आहेत. मताधिकार नसलेल्या बायकांची नावंही त्यांत पाठीराख्या म्हणून येतात. 'उशिरापर्यंत पिणारे सगळे वाटियाच्या बाजूने' अशी एक जाहिरात आहे. ती बहुधा विरोधकांची खोडी असावी.

खुद्द रोममध्ये इ.स. १४ साली टायबेरियसने निवड सेनेटकडे सोपवली आणि लोकांपुढे जाण्याचं कारणच संपलं. शब्द मात्र उरला : सम्राटाने शिफारस केलेला माणूस 'सीझरचा कॅन्डिडाटुस' म्हणवला जाई. १५९४ मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये हा शब्द लॅटिन रूपातच येतो. तिथे टायटससमोर सम्राटपदाच्या उमेदवारीचं पांढरं वस्त्र धरलं जातं आणि तो ते नाकारतो.