फॉक्सप्रो कशानं गेलं?

डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या एका क्लासमध्ये मी फॉक्सप्रो शिकले, ते नव्वदच्या दशकात. तेव्हापासून डोंबिवली एमआयडीसी आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते आहे: पगारपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाची कपात, स्टोअरमधला माल, जॉबवर्कला गेलेल्या मालाची चलनं. त्यातले काही प्रोग्रॅम आजही रोज चालतात. कारखान्यात नवा संगणक आला की फोन येतो, "मॅडम, जुना प्रोग्रॅम यावर चढत नाही. इतकं चांगलं चाललेलं त्यांनी बंद का केलं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर विकणाऱ्याच्या हिशेबात सापडतं.

माहितीचे तक्ते ठेवायचे आणि तिथल्या तिथे त्यांवर प्रोग्रॅमही लिहायचा, अशी दुहेरी सोय फॉक्सप्रोत होती. ही भाषा मूळची डीबेस या आधीच्या डेटाबेस प्रोग्रॅमची. अमेरिकेतल्या ओहायोमधल्या फॉक्स सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीनं ती डीबेसपेक्षा कितीतरी वेगानं चालवून दाखवली. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डेटाबेस प्रोग्रॅम अ‍ॅक्सेस बाजारात आला आणि फॉक्सप्रोची जलद शोधाची 'रशमोर' ही करामत पुढे अ‍ॅक्सेसमध्येही वापरली गेली.

आता धंदा पाहा. फॉक्सप्रोचा पुढचा अवतार म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. प्रोग्रॅमर ते एकदाच विकत घ्यायचा. त्यात बनवलेला प्रोग्रॅम दहा कारखान्यांत, पन्नास संगणकांवर बसवला तरी कंपनीला जादा पैसे द्यावे लागत नसत. छोट्या उद्योजकाला ते परवडायचं ते यामुळेच. मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचं गणित वेगळं. तिथे सर्व्हरचा, वापरणाऱ्या माणसांचा किंवा प्रोसेसरच्या कोअरचा परवाना घ्यावा लागतो. त्याची मोफत आवृत्ती आहे, पण माहिती ठरावीक आकाराबाहेर गेली की पैसे मोजावे लागतात. एकाच दुकानात असे दोन माल असतील, तर दुकानदार कोणता पुढे मांडेल हे सांगायला नको.

व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. मार्च २००७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की पुढची आवृत्ती निघणार नाही. जगभरातल्या प्रोग्रॅमरांनी सह्यांची मोहीम काढली, पण निर्णय बदलला नाही. जानेवारी २०१५ मध्ये उरलेला आधारही संपला. फॉक्सप्रोला तांत्रिक मर्यादा होत्याच. एक तक्ता दोन जीबीपलीकडे वाढत नसे आणि ६४ बिटसाठी बरंच काही नव्यानं लिहावं लागलं असतं. पण त्या मेहनतीवर खर्च करायचा की नाही, हे ठरवलं धंद्यानं.

वयामुळे साधनं मरत असती तर कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा केव्हाच गेली असती. कोबोलचा जन्म १९५९ चा. ते एका कंपनीच्या मालकीचं नव्हतं, समितीनं घडवलं होतं. कितीतरी बँकांचे व्यवहार आजही त्यावर चालतात आणि त्या बँका मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसाठी आयबीएमला पैसे देतात, म्हणून आयबीएम त्याचे नवे कंपायलर काढत राहते. १९९८ च्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले प्रोग्रॅमही विंडोज ११ वर चालतात, कारण मोठमोठ्या कंपन्यांचं काम त्यावर अडकलेलं आहे. डोंबिवलीच्या वर्कशॉपवाल्याचं वजन तेवढं पडत नाही.

त्याची किंमत तो आज मोजतो आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये मिळतं आणि डॉसवरचं फॉक्सप्रो त्यावर थेट चालत नाही. डॉसबॉक्ससारखा मोफत प्रोग्रॅम मध्ये घालावा लागतो. त्यात १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना जीएसटीचं ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. त्यासाठीचा ठरावीक मांडणीचा मजकूर फॉक्सप्रोतूनही तयार होतो, मी तो करून दिला आहे. पण पुढचा बदल झेपेल का, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो.

तरीही या कारखान्यांचा एक मोठा बचाव झाला. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलींची रचना सगळ्यांना ठाऊक आहे. लिब्रेऑफिसमध्ये त्या आजही उघडतात. वीस वर्षांची हजेरी, मालाचे दर, ग्राहकांची येणी, सगळं बाहेर काढता येतं. अडलं ते मराठी नावांपाशी. युनिकोड हे अक्षरांचे सर्वमान्य संकेत रुळण्याआधी प्रत्येक फॉन्टवाल्याचे संकेत निराळे असत. कल्याणच्या बाजार समितीतल्या एका धान्य व्यापाऱ्याची खाती मी काढली, तेव्हा आकडे बरोबर आले आणि नावांच्या जागी निरर्थक चिन्हं उमटली. अक्षरागणिक तक्ता बनवून ती नावं युनिकोडमध्ये आणावी लागली.

म्हणून महिन्याच्या भाड्यानं मिळणारं नवं सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक उद्योजकाला मी कळकळीनं सांगते: भाडं थांबलं तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात हातात येईल, ते करारात लिहून घ्या. सहीपूर्वी सगळी माहिती एकदा बाहेर काढून, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. स्वतःसाठी प्रोग्रॅम लिहून घेतलात, तर त्याचा सोर्स कोडही ताब्यात घ्या. साधन केव्हा बंद करायचं हे विकणारा ठरवेल. त्या दिवशी कारखाना चालू राहील की नाही, ते मात्र आज केलेल्या करारावर ठरतं.