दगडाचे मूळ गाव

कोलकाता शहराच्या भूमीत खडक किती खोल आहे? हा प्रश्न एका प्राचीन कुऱ्हाडीच्या निमित्ताने विचारावा लागतो. १८३५ साली फोर्ट विल्यम किल्ल्यात पाण्याच्या शोधासाठी एक खोल छिद्र पाडण्यास प्रारंभ झाला. १८४० साली ते काम थांबले, तेव्हा छिद्राची खोली ४८१ फूट, म्हणजे सुमारे १४७ मीटर झाली होती. वाळू, चिकणमाती, कुजलेल्या वनस्पतींचे थर आणि खडे हे सारे त्यात लागले. परंतु अखंड खडक लागला नाही. हे महानगर नद्यांनी वाहून आणलेल्या गाळावर वसलेले आहे. साहजिकच येथील जमिनीत सापडणारा प्रत्येक मोठा दगड हा पाहुणा होय. तो कोठून आला आणि त्याला कोणी आणले, हे शोधण्याची रीत या लेखात पाहावयाची आहे.

तामलुकच्या कुऱ्हाडी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, रूपनारायण नदीच्या काठी, तामलुक हे गाव आहे. प्राचीन ताम्रलिप्ती बंदर ते हेच. १९५४–५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे म. न. देशपांडे यांनी तेथे उत्खनन केले. सर्वांत खालच्या वस्तीच्या थरात कच्च्या भाजणीची मातीची भांडी आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या. अशा कुऱ्हाडी नवाश्मयुगीन पद्धतीच्या असतात. तामलुकच्या परिसरातही गाळच आहे. कठीण खडकाचा प्रदेश पश्चिमेकडे, छोटा नागपूरच्या पठाराच्या बाजूस आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना येथील अडचण तुलनेने सहज कळेल. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. त्या परिसरात अतिप्राचीन मोठ्या हातकुऱ्हाडी काळ्या पाषाणाच्या, तर नंतरच्या काळातील लहान हत्यारे चर्ट, जॅस्पर अशा गारेच्या जातीच्या दगडांची आढळतात. काळा पाषाण तेथे पायाखालीच आहे आणि गारगोट्या त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होऊन नदीच्या पात्रात येतात. नेवाशाच्या माणसाला दगडासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. तामलुकच्या माणसाला मात्र दगड मिळवावा लागला.

नदीने आणला की माणसाने?

दूरचा दगड सापडला म्हणजे माणसानेच प्रवास केला, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नदीसुद्धा दगड वाहून नेते. दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावते आणि तेथील गारेचे गोटे खाली आणते. या नदीजवळ, दुर्गापूरलगत, बीरभानपूर येथे ब्र. बा. लाल यांनी १९५४ व १९५७ साली उत्खनन केले. तेथील सूक्ष्म हत्यारे गार, चर्ट, कॅल्सेडोनी, क्वार्टझाइट, स्फटिक आणि अश्मीभूत लाकूड यांची आहेत. अशा हत्यारावर कोठे पाण्याने घासलेली गोलसर साल शिल्लक असेल, तर कारागिराने नदीतला गोटा उचलला असे समजावे. तो खडक मुळात दूरच्या डोंगरातील असला, तरी माणसाचा फेरा नदीच्या पात्रापुरताच असू शकतो.

परंतु नदीच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहे. उतार कमी झाला की पाण्याचा वेग मंदावतो. प्रथम मोठे गोटे, मग खडे, मग जाड वाळू असा भार ते टाकून देते. समुद्राजवळ पोहोचेपर्यंत बारीक वाळू व चिखल एवढेच उरते. म्हणून सागराजवळच्या सपाटीवर कुऱ्हाडीएवढा दगड मिळाला, तर तो नदीपेक्षा माणसाने आणला असण्याचाच संभव फार अधिक. मात्र तो जुन्या, न विस्कटलेल्या थरातला असला पाहिजे. कारण बंदरांच्या आसपास जहाजांचा तोल राखण्यासाठी तळाशी भरलेले परदेशी दगडही टाकलेले आढळतात.

दगडाची ओळख

आता दगडाचे मूळ गाव शोधावयाचे. नुसत्या डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे असते. कोलकात्यातील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ साली झाली. याच संस्थेतील रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे पुराश्मयुगीन हत्यार मिळाले. त्यांचे सहकारी व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८६५ पासून बंगालमधील आणि पुढे ओरिसातील हत्यारे नोंदली व त्यांचे मद्रासकडील हत्यारांशी असलेले साम्य दाखविले. साम्य दिसले हे खरे. परंतु क्वार्टझाइट हा खडक भारतात अनेक ठिकाणी आहे. दोन दगड सारखे दिसतात एवढ्यावरून ते एका खाणीचे ठरत नाहीत.

म्हणून भूवैज्ञानिक दगडाचा लहानसा तुकडा घेऊन तो घासतात. जाडी सुमारे ०.०३ मिलिमीटर झाली म्हणजे काळा दगडही पारदर्शक होतो. या पातळ छेदातून ध्रुवित प्रकाश सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता खडकातील खनिजे, त्यांचे आकार आणि त्यांच्यात झालेले बदल दिसतात. बंगालच्या पश्चिमेस काळ्या खडकाचे निरनिराळे साठे आहेत. सिंगभूमच्या डोलेराइटच्या भिंती अत्यंत पुरातन असून त्यांतील खनिजे पुष्कळदा बदललेली असतात. राजमहाल टेकड्यांचा बेसाल्ट सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या मानाने पुष्कळच अलीकडचा आहे. दोन्ही काळेच, परंतु छेदात त्यांचा भेद उमगू शकतो.

जेथे छेद पुरत नाही तेथे रासायनिक पृथक्करण उपयोगी पडते. मुख्य घटकांपेक्षा दशलक्ष भागांत काही भाग एवढ्याच प्रमाणात असणारी मूलद्रव्ये अधिक बोलकी ठरतात. १९६४ साली जे. आर. कॅन व कॉलिन रेनफ्रू यांनी भूमध्य समुद्राच्या परिसरातील ज्वालामुखी काचेची हत्यारे याच रीतीने त्यांच्या उगमांशी जोडून दाखविली. क्ष-किरणांच्या साहाय्याने होणाऱ्या परीक्षेत तर हत्यार कापावेही लागत नाही.

सर्व दगड मात्र सारखेच बोलके नसतात. गार व चर्ट जवळजवळ शुद्ध सिलिकाचे असल्यामुळे दहा ठिकाणचे नमुने एकसारखे भासतात. अश्मीभूत लाकडाचे याच्या उलट आहे. त्यात वृक्षाच्या पेशींची रचना टिकून राहते व मूळ वृक्षाचे कुलही ओळखता येते. बीरभूम, बांकुडा, मेदिनीपूर या भागांतील जुन्या गाळाच्या थरांत असे लाकूड मिळते. तरीही त्यावरून थर कळतो, गाव कळत नाही. कारण तोच वृक्ष विस्तीर्ण प्रदेशात वाढत असे.

शंभर वर्षांचा धडा

या शास्त्रात उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळतात. इंग्लंडमधील स्टोनहेंज येथील निळसर दगड वेल्समधील प्रेसेली टेकड्यांचे आहेत, असे हर्बर्ट टॉमस यांनी १९२३ साली खडकाच्या परीक्षणावरून दाखविले. तेथील वेदीशिळाही दीर्घकाळ वेल्सचीच मानली जात होती. २०२४ साली तिच्यातील खनिजकणांचे वय तपासले, तेव्हा ती सुमारे ७५० किलोमीटर दूरच्या ईशान्य स्कॉटलंडची असल्याचे दिसून आले. शिळा तीच होती. प्रश्न विचारण्याचे साधन नवे होते.

असा नवा प्रश्न विचारता यावा यासाठी वस्तू जपलेली हवी, आणि ती कोठे मिळाली हेही ठाऊक हवे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमची स्थापना १८१४ साली झाली. तेथील प्रागैतिहासिक वस्तूंची जे. कॉगिन ब्राउन यांनी केलेली सूची १९१७ साली प्रसिद्ध झाली. अशा सूचीतील गावाचे नाव हत्याराइतकेच मोलाचे असते. ते नाव हरवले तर दगडाचा उगम ओळखूनही उपयोग नाही. प्रवासाचे एक टोक कळले, तरी दुसरे टोक गेले.

तेव्हा शेतात, नदीकाठी किंवा खडी काढण्याच्या जागी माणसाने घडविलेला वाटणारा दगड आढळला, तर तो उचलून खिशात घालू नये. जागा, थर व खोली टिपून घ्यावी, शक्य तर छायाचित्र काढावे आणि शिक्षकांमार्फत जवळच्या संग्रहालयास अथवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. ज्या माणसांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांनी दगडासाठी किती वाट तुडविली याची साक्ष त्या जागेखेरीज अन्यत्र मिळणार नाही.