मोटारीचा पारदर्शक रंगलेप : निवड आणि सुरक्षितता

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळे येथे एकमेकांस छेदतात. त्यांपैकी दुसरा पुढे जळगाव-भुसावळकडे जातो. केळी वाहणारे ट्रक, प्रवासी मोटारी आणि ट्रॅक्टर यांची वर्दळ असलेल्या या टापूत डेंटिंग-पेंटिंगच्या व्यवसायाने अनेक तरुणांना रोजगार दिला आहे. या तरुणांच्या आरोग्याचा प्रश्न मात्र रंगाच्या डब्याशी निगडित आहे.

पूर्वी मोटारीस 'डुको' या नावाने परिचित असलेला लॅकर लावीत. त्यातील थिनर उडून गेला की तो वाळे. आता रंगाच्या थरावर चकाकीसाठी व टिकाऊपणासाठी पारदर्शक लेप देतात. कारागीर त्यास 'क्लिअर' म्हणतात. त्याच्या टिकाऊ प्रकारात दोन डबे असतात : एकात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोहोंच्या रासायनिक संयोगाने कठीण पापुद्रा तयार होतो. या हार्डनरमध्ये बहुधा आयसोसायनेट वर्गातील द्रव्ये असतात.

धोका वासावरून कळत नाही

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथे ज्या वायूने हाहाकार माजविला, तो मिथिल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातील होय. तो अवघ्या ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. हार्डनरमधील द्रव्य तसे सहज उडणारे नाही. परंतु स्प्रे गनमधून त्याचे सूक्ष्म तुषार होतात आणि श्वासावाटे फुफ्फुसात जातात. त्यांमुळे दमा जडू शकतो. एकदा शरीर संवेदनशील झाले, की अत्यल्प मात्राही धाप लागण्यास पुरेशी होते. नाकास झोंबतो तो थिनरचा वास. आयसोसायनेटचे प्रमाण घातक असूनही त्याचा वास येत नाही. म्हणून 'वास नाही, तेव्हा धोका नाही' हा समज चुकीचा आहे. कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांमध्ये आयसोसायनेट विषबाधेचा समावेश करण्यात आला होता. रस्त्याकडेचे लहान गॅरेज मात्र सहसा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही.

निवड कशी करावी

लेप निवडताना किंमत व चकाकी पाहण्यापूर्वी हार्डनरच्या डब्यावरील मजकूर वाचावा आणि विक्रेत्याकडून सुरक्षा-माहितीपत्रक मागून घ्यावे. 'पाण्यावर आधारित' या शब्दांनी फसू नये; अशा दोन डब्यांच्या लेपातही आयसोसायनेट असू शकते. किरकोळ ओरखडा पॉलिशने निघत असेल, तर फवारणीच टाळावी. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा व बंदिस्त फवारणी-कक्ष नसेल, तर एका डब्याचा, हार्डनरविरहित लॅकर वापरणे श्रेयस्कर. तो कमी टिकतो आणि त्यातील थिनरपासूनही जपावे लागते, पण आयसोसायनेटचा धोका टळतो.

फवारणीच्या वेळी

तोंडास बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क येथे निरुपयोगी होय. कोळशाच्या गाळणीची क्षमता संपली, तरी वासाने ते कळत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात मुखवटा व हातमोजे नकोसे होतात. म्हणून फवारणी सकाळच्या थंड वेळी करावी. गन थांबली तरी तुषार काही काळ हवेत तरंगत राहतात, तोवर मुखवटा काढू नये. मदतनीस मुलांना जवळ उभे करू नये. लेप पूर्ण सुकण्याआधी घासू नये.

कामाच्या दिवशी सायंकाळी किंवा रात्री खोकला व छातीत आवळल्यासारखे होणे आणि सुटीत बरे वाटणे, ही महत्त्वाची खूण आहे. अशा कारागिराने डॉक्टरांना आपला व्यवसाय अवश्य सांगावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी डब्यावरील मजकूर वाचण्याचा पाठ द्यावा. शासकीय वाहने रंगविण्यास देताना अधिकाऱ्यांनी मुखवट्याची व हवा पुरविण्याची सोय पाहावी. पंचायत सदस्यांनी आपल्या हद्दीतील गॅरेजचालकांना ही माहिती द्यावी. मोटारीची चकाकी कारागिराच्या श्वासाच्या मोलाने घेतली जाऊ नये, एवढी दक्षता सर्वांच्या हातची आहे.