थिबा पॅलेस : दिसायला राजवाडा, पण बांधला कैदेतल्या राजासाठी

रत्नागिरीला कचेरीच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला आपली माणसं वरचेवर जातात. पण थिबा पॅलेस आतून पाहिलेले त्यात थोडेच. हा वाडा इथं आला कसा, ते समजून घेऊ.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. भांडणाचं निमित्त सागवानाचं. मुंबईच्या एका इंग्रज कंपनीनं जंगलातून ओंडके जास्त नेले आणि हिशोबात कमी दाखवले, असं म्हणून दरबारानं तिला मोठा दंड ठोकला. इंग्रजांना तेवढंच हवं होतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये त्यांनी मंडाले घेतलं आणि राजाला कुटुंबासकट आधी मद्रासला, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? तर रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. पळून जाणार कुठं!

२४ वर्षं इथल्या बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये राजा या वाड्यात राहायला आला. जुन्या धाटणीचं बांधकाम नव्यानं करायची तेव्हा चालच होती. मुंबईचं गेटवे बघा, पायाभरणी १९११ ची, पण वळण १६ व्या शतकातल्या गुजरातचं. थिबा पॅलेसच्या उतरत्या छपरांना ब्रह्मदेशी घाट आहे, खिडक्यांच्या अर्धगोल कमानींत रंगीत काचा आहेत. भिंती मात्र आपल्या जांभ्याच्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो, वाऱ्यावर राहिला की घट्ट होतो. (कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको म्हणा.)

थाट राजाचा असला तरी पहारा आणि पैसा सरकारचा. जेमतेम सहा वर्षं राहून डिसेंबर १९१६ मध्ये थिबा राजा वारला. त्याची समाधी रत्नागिरी शहरातच आहे. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परत गेली. थोरल्या राजकन्येला वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून मुलगी झाली होती, टूटू. ती इथंच वाढली, इथंच संसार केला, आणि राजाची नात असून गरिबीत दिवस काढले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर येऊन गेले, तेव्हा कुठं या घराण्याची पुन्हा चर्चा झाली.

वाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. गेलात तर मागच्या बाजूची बुद्धमूर्ती चुकवू नका, ती राजानं आणलेली. जवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो.