अफूजन्य व्यसन : उपचारानंतरची काळजी

रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतला की कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात नेमका हाच काळ सर्वाधिक धोक्याचा असतो. रुग्णांच्या आप्तांनी ही गोष्ट समजून घ्यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फीन व कोडीन मिळते. मॉर्फीनपासून हेरॉईन तयार होते. ‘गर्द’ किंवा ‘ब्राऊन शुगर’ हे त्याचेच अशुद्ध रूप. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे आणि ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी याच गटात मोडतात. केंद्र शासनाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख व्यक्ती अफूजन्य पदार्थांचे सेवन करीत होत्या. मात्र कर्करुग्णाच्या असह्य वेदनांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे मॉर्फीन म्हणजे व्यसन नव्हे. त्याची धास्ती बाळगू नये.

नियमित सेवनाने मेंदू या पदार्थाला सरावतो व मात्रा वाढत जाते. सेवन थांबताच अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. गर्दच्या रुग्णांच्या भाषेत हीच ‘टर्की’. हा त्रास साधारणतः आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. ओढ मात्र कित्येक महिने टिकते. दरम्यान शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी रुग्णाने पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. श्वास मंदावणे, ओठ निळसर पडणे, हलवूनही जाग न येणे ही लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळाल्यास प्राण वाचतात.

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या औषधांनी ओढ आटोक्यात राहते व मृत्यूचा धोका घटतो. ‘एक व्यसन सोडून दुसरे लावले’ हा समज चुकीचा आहे. मधुमेहाच्या औषधाप्रमाणे हेही दीर्घकाळ घ्यावे लागू शकते. ते परस्पर बंद करू नये.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांना गर्दने ग्रासले, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. तेथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले आणि कुटुंबीयांनाही उपचारात स्थान मिळाले.

व्यसन पुन्हा जडले तर तो रुग्णाचा नालायकपणा मानू नये. तो आजाराचाच भाग आहे. त्याला कोंडून वा हिणवून काही साधत नाही. पुन्हा उपचारास आणावे. मार्गदर्शनासाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. दात्यांना एकच विनंती : पहिल्या पंधरवड्याच्या खाटेइतकेच पुढील वर्षभराच्या औषधाचे व पाठपुराव्याचे मोल जाणावे. रुग्णाचा जीव त्यावरच अवलंबून असतो.