चकचकीत शटरच्या आड

दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्या फ्लॅटचा ताबा मिळतो, नाहीतर जुन्या घराला रंग काढायचे ठरते, आणि मग स्वयंपाकघराचा विषय निघतोच. शोरूममध्ये शिरलेले गिऱ्हाईक आधी रंग बघते. अ‍ॅक्रिलिकची झळाळी, हँडल नसलेली शटर्स, बोटाने ढकलले की हळूच मिटणारा ड्रॉवर. एवढ्यावर मन भरते आणि ऑर्डर दिली जाते. पण दहा पावसाळ्यांनंतर ते किचन कसे दिसेल, हे रंगावर फारच थोडे ठरते. ते ठरते कॅबिनेटच्या सांगाड्यावर, म्हणजे कारकसवर, त्याच्या कडांवर आणि सिंकखालच्या त्या अंधाऱ्या खणावर. पारखायची जागा ती आहे.

सुरुवात प्लायवूडपासून. ‘मरीन प्लाय आहे’ असे दुकानदाराने सांगितले की घरमालक निर्धास्त होतो. वास्तविक ‘मरीन’ हा शब्द शीटवर कुणीही छापू शकतो. बघायचे ते आयएसआय चिन्ह, त्याच्या वर छापलेला मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. मरीन प्लायचे मानक आयएस 710. या प्रतीच्या प्लायमध्ये थर धरून ठेवणाऱ्या रेझिनला 72 तास उकळत्या पाण्यात तग धरावा लागतो. बाजारात बीडब्ल्यूआर म्हणून मिळणाऱ्या प्रतीसाठी हीच उकळण्याची कसोटी 8 तासांची असते. एमआर, म्हणजे नुसता ओलावा सोसणाऱ्या प्लायसाठी तर पाणी उकळतच नाहीत. 60 अंशांच्या कोमट-गरम पाण्यात 3 तास, बस. किचनच्या खालच्या कॅबिनेटला एमआर वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की नाही ते कळते. दुकानातच उभे राहून होणारे काम आहे, आणि ते करायला कुणी संकोचू नये.

छापील शिक्क्याइतकीच बोलकी असते शीटची कापलेली कड. मिस्त्रीला सांगून एक तुकडा कापून घ्यावा आणि उजेडात धरावा. आतले थर सलग, सारख्या जाडीचे दिसायला हवेत. मध्येच काळी पोकळी दिसली, एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर नेमक्या त्याच जागी उद्या स्क्रू फिरत राहील. वरचा पृष्ठभाग लालसर आहे म्हणून तो गर्जनच्या लाकडाचा, हाही एक ठरलेला फसवा हिशेब. हलक्या लाकडाच्या प्लायला वरून लाल रंग देऊन विकण्याची पद्धत बाजारात चांगलीच रुळलेली आहे. रंग वरच्या थरापुरता असतो. कड मात्र खरे सांगते.

प्लाय चांगला आणि बोर्ड वाईट, असा सरसकट निकाल देणे मात्र योग्य नाही. एमडीएफचा पृष्ठभाग एकसारखा गुळगुळीत असतो, त्यामुळे पीयू पेंटच्या शटरसाठी तो प्लायपेक्षा सरस ठरतो. ओट्यावरच्या, पाण्यापासून लांब असलेल्या कॅबिनेटलाही तो चालतो. त्याचे वैर पाण्याशी. पार्टिकल बोर्डाचे तर त्याहून जास्त. हल्ली एचडीएचएमआर नावाचा दाट, ओलावा सोसणारा बोर्ड सर्रास सुचवला जातो. तो खरोखर तसा आहे का, याची परीक्षा घरीच होते: नमुन्याच्या तुकड्याची जाडी व्हर्नियरने मोजायची, तुकडा चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पुन्हा मोजायची. स्वस्त पार्टिकल बोर्ड फुगून कडेला पोह्यांसारखा सुटू लागतो. मग माहितीपत्रक वाचण्याची गरज उरत नाही.

जागेप्रमाणे साहित्य बदलण्याची ही दृष्टी नवी नाही. 1926 साली मार्गारेट श्युटं-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी ‘फ्रँकफुर्ट किचन’ आखले. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ तिथे सापडते, आणि सुमारे दहा हजार घरांत ते बसवले गेले. त्यात पिठाचे ड्रॉवर ओकच्या लाकडाचे होते, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठातल्या किड्यांना अटकाव होतो; कामाचा पृष्ठभाग मात्र बीचचा, सुरीचे वार आणि डाग सोसणारा. आपल्याकडेही पुण्या-मुंबईच्या कित्येक फ्लॅट्समध्ये ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या आणि त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या, अशी रचना वर्षानुवर्षे चालली. दिसायला साधी. पण कडप्पा फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. चिपळूण, सांगली किंवा मुंबईच्या सखल भागात जिथे घरात पाणी शिरण्याची भीती खरी आहे, तिथे ओट्याखाली बोर्ड घालण्याआधी या जुन्या पद्धतीचा गंभीरपणे विचार व्हायला हवा.

आता सिंकखाली वाकून बघायचे. वेस्ट पाइप जाण्यासाठी कारकसला जे भोक पाडलेले असते, त्याची कड बहुतेक ठिकाणी उघडी सोडलेली असते. नेमकी तिथून ओल शिरते. चांगला कारागीर ती कड सिलिकॉनने बंद करतो आणि तळाला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाकतो. बाकी सगळ्या कडांवर पीव्हीसीची एजबँड हवी: शटरला 2 मिलिमीटर, आत 0.8 चालेल. कोपऱ्यावर नखाने उचलून बघावी. नख आत गेले तर पाणीही जाणार. फॅक्टरीत यंत्राने गरम गोंद लावून बसवलेली पट्टी साइटवर हाताने चिकटवलेल्या पट्टीपेक्षा जास्त टिकते, आणि गोंद पीयूआर असेल तर वाफ आणि उष्णता दोन्ही सोसते. पाण्याला अजिबात न घाबरणारा पीव्हीसी फोम बोर्ड सिंकखाली उत्तम. पण तो उष्णतेने मऊ पडतो, स्क्रूही त्यात फारसा घट्ट धरत नाही. शेगडीजवळ तो नको.

स्टीलच्या बाबतीत चुंबकाचा खेळ अजून चालतो. विक्रेता ट्रॉलीला चुंबक लावतो, तो चिकटत नाही, आणि ‘बघा, 304 आहे’ असे सांगतो. ही परीक्षा निरर्थक आहे. 304 आणि 202 या दोन्ही प्रतींना चुंबक जवळपास चिकटतच नाही. फरक धातूंच्या मिश्रणात आहे: 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, तर 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. म्हणून कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा सतत ओल्या भांड्यांच्या ट्रॉलीत 202 वर गंजाचे ठिपके लवकर उठतात. टेस्टिंग लिक्विडचे थेंब टाकून दोन्हींतला फरक ओळखता येतो. ते बघायची मागणी करावी आणि बिलावर ‘304’ लिहून घ्यावे.

चॅनेलवर किती वजन चालते हेही विचारायचे. टँडम चॅनेलवरचे ड्रॉवर 30, 50 किलो अशा क्षमतेत येतात. तांदळाचा डबा, मोठा कुकर आणि बिडाचे तवे एकाच ड्रॉवरमध्ये जाणार असतील तर 30 किलो अपुरे पडतात. शोरूममधला ड्रॉवर रिकामा असतो, म्हणून तो पूर्ण बाहेर ओढून पुढच्या टोकाला हाताने दाबून बघावा.

सिलिंडरच्या खणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि तिथली चूक जिवावर बेतू शकते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळालेला गॅस तळाशी साचतो. जाळी किंवा भोके शटरच्या खालच्या भागात हवीत. वर नक्षीदार जाळी लावून उपयोग नाही. 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर नळकांड्यासकट 30 किलोच्या आसपास जातो. त्या खणाला प्लायचा तळ न घालता सिलिंडर फरशीवरच चाकांच्या स्टँडवर ठेवणे बरे.

नवा ड्रॉवर उघडल्यावर डोळे चुरचुरले तर तो ‘नवेपणाचा वास’ म्हणून सोडून देऊ नये. बोर्डाच्या रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड बाहेर पडते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली ते माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत घातले. ई1 किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागावा.

जुन्या किचनला नवे रूप द्यायचे असेल तर आधी सांगाड्याचा निकाल लावायला हवा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ, पाठ आणि कोपरे ठोकत जायचे. आवाज पोकळ आला, मातीच्या बारीक रेघा दिसल्या तर वाळवी. पिठासारखी भुकटी पडली तर भुंगा. तळ फुगला असेल तर तेवढी फळी बदलता येते, पण उभ्या फळ्या खालून चार-सहा इंच फुगल्या असतील तर नव्या लॅमिनेटवर खर्च करण्यात अर्थ नाही. सांगाडा ठणठणीत आणि शटरच कुरूप झाली असतील, तर फक्त शटर आणि बिजागऱ्या बदलून निम्मे काम होते. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असले तरी घाबरायचे कारण नाही: भोकात फेविकॉल लावलेली बांबूची कामटी ठोकून, वाळल्यावर नवा स्क्रू पिळला की तो धरतो. मात्र प्लंबर आधी आणि सुतार नंतर, हा क्रम मोडू नये. नळाची गळती बंद करून, खण उघडे ठेवून निदान आठवडाभर प्लाय वाळू द्यावा; ओल्या प्लायवर चिकटवलेले लॅमिनेट पुढच्या पावसाळ्यात फुगे धरते.