पदवी आणि पक्कड

दिवाळीच्या सुटीत मी ढाणकीला जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातले हे गाव. आता तेथे नगरपंचायत झाली आहे. पण दिवाळी कशी होणार हे अजून कापसावरच ठरते.

गेल्या खेपेस शेजारी फराळाला गेलो. घरात दोन भाऊ. थोरला बी. ए., धाकटा आय. टी. आय. झालेला वीजतंत्री. थोरल्याची पदवी भिंतीवर काचेच्या चौकटीत, धाकट्याची पक्कड खिशात. चिवड्याची बशी पुढे करीत आई म्हणाल्या, "सर, मोठा कामाला गेला की विचारतात, तुला येतं काय? धाकटा कॉलेजात गेला तर विचारलं, बारावी कुठं हाये? दोघंबी शिकले, मंग चुकलं कुठं?"

मी मराठीचा प्राध्यापक. तासभर बोलणे हा माझा धंदाच! पण त्या प्रश्नापुढे चकली हातातच राहिली.

प्रश्न जुना आहे. आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार देशापुढे आला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली; तिच्यातूनच आजच्या आय. टी. आय. वाढल्या. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानेही माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड मागितली. पण झाले असे, की कॉलेजचा रस्ता एकीकडे गेला, कारखान्याचा दुसरीकडे, आणि मध्ये उभे राहिले कुंपण. ते ओलांडण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातली मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता विज्ञान शिकू लागली. पण एका आश्रमाने साऱ्या महाराष्ट्राचे कुंपण कसे मोडावे?

सरकारी मार्ग उघडला तो अलीकडे. डिसेंबर २०१३ मध्ये कौशल्यांची राष्ट्रीय चौकट जाहीर झाली. कोणत्या पायरीवरच्या माणसाला काय आले पाहिजे, हे तीत मांडले होते. त्याच सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, आणि २०१४ मध्ये बी. व्होक. ही पदवी. तिची मूळ आखणी साधी होती: साठ टक्के कौशल्य, चाळीस टक्के सामान्य शिक्षण, एक वर्ष झाले की पदविका, दोन झाली की प्रगत पदविका, तीन झाली की पदवी. मध्येच कमवायला बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती काहीतरी राहावे, हा त्यातला शहाणपणा. २०२३ च्या श्रेयांक आराखड्याने तर वर्गाला आणि कार्यशाळेला एकच माप लावले: तीस तासांचा एक श्रेयांक, वर्षाचे चाळीस.

पण वाचकहो, माप एक झाले म्हणून माल सारखा होत नाही! मी एका महाविद्यालयात लेथ पाहिले आहे. त्यावर वर्षभर कापड असते. खंडेनवमीला ते काढून हळदकुंकू वाहतात. असल्या ठिकाणी मिळालेले श्रेयांक कारखानदाराने का मानावेत? अभ्यासक्रम आखताना आणि परीक्षा घेताना कामातला जाणता माणूस तेथे हवा. आणि उद्योग म्हणजे काही पुण्याचेच कारखाने नव्हेत. ढाणकीच्या बाजूला कापूस आहे, विहिरीवरचा पंप आहे, ट्रॅक्टर आहे. त्यांची दुरुस्ती नीट शिकवली, तर मुलाला घरापासून दूर जावे लागणार नाही.

उलट, एकाच कारखान्याच्या मापाने मुलगा बेतला, तर कारखान्याला कुलूप लागताच तो रस्त्यावर. म्हणून ते चाळीस टक्के. खरे सांगतो, ते प्रथम ऐकले तेव्हा मी मनात मराठीचे तास मोजले होते! फराळ संपताना मी धाकट्याला विचारले, "कशात अडतं तुझं?" तो म्हणाला, "कामात नाही सर. कामाचा कागद लिहिण्यात." अंदाजपत्रक, बिल, वीज कार्यालयाला अर्ज. म्हणजे माझ्या तासांना काम होते. ते कवितेइतकेच महत्त्वाचे, आणि मी ते कधी शिकवले नव्हते.

आपल्या घरीही या दिवाळीत मुलांच्या पुढच्या शिक्षणाच्या गोष्टी निघतील. महाविद्यालयाची इमारत पाहून भुलू नका. तीन गोष्टी विचारा: अभ्यासक्रम कोणी आखला? कामाची परीक्षा कोण घेतो? आणि या प्रमाणपत्रावर पुढे कोणत्या वर्गात प्रवेश मिळतो? तिन्हींची नीट उत्तरे मिळाली, तर तेथे पदवी आणि पक्कड एकत्र नांदतात असे समजावे.

निघताना त्या माउलीला मी एवढेच म्हणालो, "पोरांचं काही चुकलं नाही. चुकलं ते कुंपण घालणाऱ्यांचं." तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण थोरल्याने समोर कागद ओढला होता आणि धाकटा त्याला बिलाचा मजकूर सांगत होता.